'बरोबर' म्हणण्याआधीचे पाच सेकंद

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मराठी शाळेत पाचवीला शिकवता. पटावर 48 मुलं, तास 35 मिनिटांचा, दिवाळीच्या सुट्टीआधी निम्मा अभ्यासक्रम संपवायचा, आणि प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात की मुलांच्या सर्जनशीलतेला वाव द्या. तुमचा प्रश्न असा आहे की वेळ कुठून आणायचा, आणि वाव द्यायचा म्हणजे नेमकं करायचं काय. शेवटी तुम्ही एका मुलाबद्दल विचारलंय, जो गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर बस काढत बसतो. त्याच्याकडे मी शेवटी येते.

मी आधी वरळीत आणि नंतर कुर्ल्यात, मिळून 29 वर्षं प्राथमिकच्या वर्गांवर होते. वर्ग तुमच्यासारखेच भरलेले असायचे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यात पहिली ते पाचवीसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण दिलंय. तेव्हा 48 मुलं ही तुमची चूक नाही. माझं सांगणं एवढंच आहे की सर्जनशीलतेसाठी वेगळा तास शोधू नका. मलाही तो कधी मिळाला नाही, आणि ज्या वर्षी मिळाला त्या वर्षी त्यात आम्ही स्नेहसंमेलनाचे नाच बसवले. मुलाच्या उत्तरानंतर तुम्ही काय करता, यावर जवळजवळ सगळं ठरतं. तुमच्या एका तासात अशा पंधरा-वीस जागा येतात. त्यातल्या दोन जरी नीट वापरल्यात तरी पुष्कळ झालं.

वरळीतली एक गोष्ट सांगते. जुलै महिना, परिसर अभ्यासाचा तास. आदल्या दिवशी शाळेसमोर गुडघाभर पाणी साचलं होतं. मी विचारलं, "पाणी का साचलं?" उत्तरं आली ती आपल्या सगळ्यांना पाठ असलेली: कचरा, प्लास्टिकच्या पिशव्या, गटारं तुंबली. मी 'बरोबर' म्हणून फळ्याकडे वळलेच होते, तेवढ्यात कोळीवाड्यातला एक मुलगा म्हणाला, "बाई, काल उधाण होतं." मला वाटलं हा विषय भरकटवतोय. 'ते आपण नंतर बघू' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्याचा चेहरा बघून मी विचारलं, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "पाऊस सकाळी पण तेवढाच होता. पाणी दुपारी भरलं. दुपारी भरती होती ना."

तो अक्षरशः बरोबर बोलत होता. मुंबईत पावसाचं पाणी शेवटी समुद्रातच सोडायचं असतं. पाणी बाहेर पडण्याची कित्येक मुखं मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची रचना तासाला 25 मिलिमीटर पाऊस धरून केलेली, तीही ओहोटी असेल असं गृहीत धरून. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती मोठी येते, त्यालाच कोळी लोक उधाण म्हणतात. त्या वेळी जोराचा पाऊस लागला की पाण्याला जायला वाट उरत नाही. कचरा हे कारण खोटं नाही, पण अपुरं आहे. पाठ्यपुस्तकाच्या उत्तरापुढे एक पाऊल त्या मुलाने टाकलं होतं, आणि मी ते जवळजवळ पुसूनच टाकणार होते.

दुसऱ्या दिवशी एक बादली, एक पाइपचा तुकडा आणि एक तांब्या आणला. पाइपचं तोंड बादलीतल्या पाण्याच्या वर असताना वरून ओतलेलं पाणी सरळ जातं. बादलीतलं पाणी पाइपच्या तोंडाच्या वर चढवलं की ते रेंगाळतं, आणि आणखी चढवलं की उलटं येतं. दहा मिनिटांचा खेळ. पण खरी मजा त्यानंतरची. पावसाळ्यात भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात. मुलांनी दोन आठवडे त्या वर्गातल्या तक्त्यावर लिहिल्या. आठव्या-नवव्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, भरती रोज उशिरा येते. पाऊणेक तास." बरोबर पन्नासेक मिनिटं! मग उशीर का होतो, चंद्र कुठे असतो, हे तिसऱ्या प्रश्नापर्यंत गेलं. मी काहीच 'घेतलं' नव्हतं. फक्त पहिल्या दिवशी 'नंतर बघू' म्हणाले नाही.

म्हणून पहिली सवय थांबण्याची. अमेरिकेतल्या मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासकाने 1970च्या दशकात वर्गातल्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असं त्यांना आढळलं. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मला हे वाचून पटलं नव्हतं. मग शेजारच्या वर्गाच्या बाईंना माझ्या तासाला मागे बसवलं आणि घड्याळ लावायला सांगितलं. मी सेकंदभरही थांबत नव्हते. स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच त्याचं निम्मं उत्तर देत होते: "पाण्याची वाफ होते, वाफेचे काय होतात? ढ…" आणि वर्ग एकसुरात "…ग!" ते ऐकायला छान वाटतं, वर्ग जागा आहे असं वाटतं. पण 'ढ' दिल्यावर 'ग' म्हणायला विचार लागत नाही.

थांबायला शिकण्याची माझी युक्ती साधी होती. प्रश्न विचारायचा आणि फळ्यापासून तिसऱ्या बाकापर्यंत चालत जायचं, तोंड न उघडता. पाच सेकंद सहज जातात. पहिले आठ दिवस वर्गाला चमत्कारिक वाटेल, तुम्हालाही वाटेल. नेहमीची तीन-चार मुलं हात वर करून 'बाई बाई' करतील. त्यांना सांगा, हात खाली, आधी वहीच्या कोपऱ्यात एक शब्द लिहा. मग शेजाऱ्याला दाखवा. मग विचारेन. 48 मुलांत 48 जणांना बोलायला मिळणं शक्यच नाही, पण शेजाऱ्याशी प्रत्येकाला बोलता येतं.

दुसरी सवय 'बरोबर' लांबवण्याची. एकाने उत्तर दिलं आणि तुम्ही 'बरोबर' म्हणालात की बाकी 47 डोकी बंद होतात. त्याऐवजी "अजून?" म्हणा. "तुला असं का वाटलं?" म्हणा. "हिचं ऐकलंत, कुणाला वेगळं वाटतंय?" म्हणा. उत्तर चूक असेल तरीही हेच, आणि बरोबर असेल तरीही हेच. नाहीतर मुलं आठवड्याभरात ओळखतात की बाई 'का' विचारतात तेव्हा आपलं चुकलेलं असतं. शेवटी बरोबर काय ते स्पष्ट सांगायचंच, मुलांना अधांतरी सोडायचं नाही. फक्त ते दोन मिनिटं पुढे ढकला.

'शाब्बास' आणि चांदण्यांबद्दल माझं मत बदलायला बरीच वर्षं लागली. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना चित्र काढायला मुळातच आवडतं अशा मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांची गोडी टिकली होती. माझ्याही वर्गात मुलं चित्र पूर्ण व्हायच्या आधी "बाई, चांदणी?" विचारायची. तेव्हापासून मी हजेरीला, स्वच्छतेला चांदण्या देत राहिले, पण लिहिण्याला आणि चित्राला देणं बंद केलं. तिथे मी मला काय दिसलं ते सांगायचे. "तू मांजराचे कान मागे वळवलेस, ते घाबरलंय का?" एवढं पुरतं. मूल ओळखतं की बाईंनी नीट बघितलं.

आता निबंध, कारण मराठीच्या तासाला सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं असं मला मनापासून वाटतं. ज्या निबंधाला आपण कल्पनाप्रधान म्हणतो, तो सगळ्यात जास्त घोकलेला असतो. 'सूर्य उगवला नाही तर', 'पाऊस पडला नाही तर', 'शाळा बंद झाल्या तर'. 48 वह्या तपासा. 40 मुलं शेवटी लिहितात, "छे छे! कल्पनाच करवत नाही." गाईडमधून उतरवलेलं असतं, नाहीतर क्लासच्या सरांनी दिलेलं. मुलांचा दोष नाही. सूर्य उगवला नाही तर दहा वर्षांच्या मुलाने काय लिहायचं? विषय एवढा मोठा आहे की त्याच्या हातात त्यातलं काहीच येत नाही.

विषय लहान करा, त्याच्या दारात आणा, आणि त्यातली एकच गोष्ट बदला. कुर्ल्यात आमच्या बहुतेक मुलांकडे पहाटे पाचला पाणी यायचं. मी विषय दिला: 'नळाला पहाटे पाचऐवजी दुपारी दोनला पाणी आलं तर'. आठच ओळी. अट एकच: जे लिहाल ते तुमच्या घरात घडलं पाहिजे, जगात नाही. एका मुलाने लिहिलं की मला मधल्या सुट्टीत पळत घरी जावं लागेल, कारण आजीला हंडा उचलत नाही. दुसऱ्याने लिहिलं, आमच्या चाळीतली भांडणं बंद होतील, कारण भांडणाऱ्या सगळ्या तेव्हा कामावर असतात. आणि एका मुलीने लिहिलं, अर्ध्या वेलांट्या चुकलेल्या: 'आई पहाटे उठणार नाही. मी उठीन आणि आईला झोपलेली बघीन. मी आईला झोपलेली बघितली नाही.' ही वही मी तपासली नाही. म्हणजे लाल पेन लावलं नाही. तिला जवळ बोलावून वेलांट्या वेगळ्या कागदावर दुरुस्त करून घेतल्या, आणि तिचं पान तसंच ठेवलं.

एकच गोष्ट बदलण्याची ही कल्पना कुठेही चालते. लोकलला दारंच नसती तर असं नको. आपल्या स्टेशनावर लोकल फक्त एक मिनिट जास्त थांबली तर, असं विचारा. कल्पना करायला आधी काहीतरी नीट माहीत असावं लागतं. मुंबईच्या मुलाला पाण्याची रांग, गर्दी, मधल्या सुट्टीचा वडापाव, शेजाऱ्यांचा आवाज हे इतकं बारकाईने माहीत असतं की त्यावर त्याला हवी तेवढी कल्पना उभी करता येते. निसर्गचित्र म्हटलं की दोन डोंगर, मधून सूर्य, नदी आणि झोपडी काढणारी मुलं तुमच्याही वर्गात असतील. त्यांना सांगा, घराच्या दारात उभं राहून डाव्या हाताला काय दिसतं ते काढ. डोंगर आपोआप जातात, टाक्या, वायरी आणि वाळत घातलेले कपडे येतात.

इथे एक सांगून ठेवते, कारण तुमच्यासारखे नवे शिक्षक कधी कधी दुसऱ्या टोकाला जातात. पाढे पाठ हवेतच. कविता पाठ हवी. ज्याला सात आठे छप्पन चटकन येत नाही, त्याला गणितात काही वेगळं सुचायला जागाच उरत नाही, सगळं डोकं गुणाकारात जातं. मी घोकंपट्टीच्या विरोधात आहे, पाठांतराच्या नाही.

गणिताचंच घ्या. माझा आवडता उपक्रम म्हणजे उलटा प्रश्न. फळ्यावर लिहायचं: उत्तर 24. प्रश्न तुम्ही तयार करा. चौथीच्या वर्गात पहिल्यांदा केलं तेव्हा बहुतेकांनी 12 अधिक 12, सहा चोक, कुणाकडे 30 आंबे होते त्यातले 6 दिले, अशी उदाहरणं केली. ठीकच होतं. एका मुलीने लिहिलं: 'माझी आई एक डझन राख्यांना मणी लावते तेव्हा 2 रुपये मिळतात. आज आईला 24 रुपये मिळाले. आईने किती राख्या केल्या?' मी लाल पेन टेकवलंच होतं. 24 तिने प्रश्नातच घातलं होतं, उत्तर येत होतं 144. उपक्रमाच्या दृष्टीने चूक. पण इतक्या उदाहरणांत खरं असं हे एकच होतं.

मी ते उदाहरण तिच्या परवानगीने फळ्यावर घेतलं. वर्गाने सोडवलं: बारा डझन, 144. मागून एकजण म्हणाला, "बाई, म्हणजे एक ग्रोस!" त्याचे वडील बांगड्यांच्या दुकानात कामाला होते. मग मी विचारलं, उत्तर 24 राख्या यायला हवं असेल तर हिच्या उदाहरणात काय बदलायचं? एकाने सांगितलं, आईला 4 रुपये मिळाले असं करा. ती मुलगी लगेच म्हणाली, "4 रुपयांसाठी आई बसणारच नाही." दुसऱ्याने सांगितलं, मग डझनाला 12 रुपये करा. ती म्हणाली, "एवढा भाव कोण देतं?" वर्ग शांत झाला. समप्रमाण मी पुढच्या महिन्यात शिकवणार होते. त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या मुलांना ते आतून कळलं, कारण दर, नग आणि मजुरी यांतलं एक हललं की दुसरं कसं हलतं हे त्यांनी त्या मुलीच्या आईच्या हातांत बघितलं होतं.

वह्यांचं ओझं मला माहीत आहे. 48 गुणिले पाच विषय. रोज सगळ्या वह्यांना सही करा, त्याला इलाज नाही. पण रोज फक्त सहा वह्या नीट वाचा आणि त्यात एक प्रश्न लिहा. असा प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही. 'आजी हंडा उचलत नाही, मग तू नसतोस तेव्हा कोण उचलतं?' आठ दिवसांत वर्ग पूर्ण होतो. मुलं पुढचं पान त्या प्रश्नाच्या उत्तराने सुरू करतात, तेव्हा कळतं की वाचलं गेल्याचा मुलांवर काय परिणाम होतो.

मुख्याध्यापकांना काय सांगायचं, हाही प्रश्न तुम्ही केलाय. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय हे सगळं येतं. भरतीचा तक्ता हा प्रकल्प आहे, बादलीचा खेळ हे प्रात्यक्षिक आहे, उलटा प्रश्न हा उपक्रम आहे. वेगळी परवानगी लागत नाही, नोंद लागते. आणि वर्णनात्मक नोंदी करताना तयार यादीतून 'स्वतःहून प्रश्न विचारतो' असं 20 मुलांपुढे उतरवू नका. दहाच मुलांपुढे लिहा, पण त्याने कोणता प्रश्न विचारला ते लिहा.

प्रकल्प मात्र घरी देऊ नका. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून आलेल्या वस्तू आया रात्री बारापर्यंत जागून बनवतात, नाहीतर दुकानातून तयार येतात, आणि ज्याच्या घरी दोन्ही शक्य नाही ते मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही. जे करायचं ते वर्गात, वर्गातल्या वस्तूंनी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडीची साधनं आजूबाजूच्या पानाफुलांतून, बियांतून, शंखशिंपल्यांतून उभी केली. आपल्याकडे बसची जुनी तिकिटं, बाटल्यांची झाकणं, लग्नपत्रिकांचे जाड कागद आहेत.

गोंगाट होईल. विषम क्रमांकाच्या बाकांवरच्या मुलांनी मागे वळायचं, चार-सहा जणांचे गट तयार, बाक हलवायची गरज नाही. आवाज शेजारच्या वर्गात जातोय असं वाटलं तर हात वर करून उभ्या राहा. ओरडू नका.

भाषेचं एक राहिलं. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, पण एकाच मराठी वर्गातही घरी भोजपुरी, उर्दू, तेलुगू, मालवणी बोलणारी मुलं असतात. त्यांना मराठी शब्द सुचेना म्हणून ती गप्प बसतात, आणि आपण समजतो की यांना काही सुचत नाही. घरचा शब्द बोलू द्या, तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, मग वर्गाला मराठी शब्द शोधायला लावा. पावसाचे शब्द एकदा गोळा करून बघा. रिमझिम, भुरभुर, सर, झड यांच्याशेजारी मुलांच्या घरचे शब्द आले की फळा पुरणार नाही.

आता तो बस काढणारा मुलगा. तुम्ही त्याची वही एकदा काढून घेतलीत आणि आता तुम्हाला वाईट वाटतंय. वही परत द्या, पानं न फाडता. त्याचं चित्र लगेच फलकावर लावू नका आणि त्यावरून गणिताचं उदाहरणही करू नका. त्या मागच्या पानांवर जे आहे ते अजून शाळेचं झालेलं नाही, ते थोडे दिवस त्याचंच राहू दे. गणिताच्या तासाला काम झाल्यावर काढायचं, हा नियम मात्र ठेवा, आणि तो इतरांसारखाच शांतपणे सांगा. एखाद्या मधल्या सुट्टीत त्याच्या बाकाशेजारी बसा, चित्र नीट बघा आणि जे खरंच कळलं नाही ते विचारा. बसमध्ये माणसं का नाहीत, किंवा ड्रायव्हरचं तोंड इकडे का वळलंय. बसवर नंबर लिहिला असेल तर तोही वाचा. तो बहुधा त्याच्या घराकडे जाणाऱ्या किंवा घरचं कुणीतरी रोज पकडतं त्या बसचा असेल. काय सांगितलं त्याने ते मला जरूर कळवा.